शटरच्या खोलीत एसी बसवायचाय? आधी केकचा हिशोब करा

सडक अर्जुनीसारख्या गावात घरून धंदा सुरू करायचा म्हटलं की पहिली जागा कोणती सुचते? घरापुढची गाडीची खोली. शटर आहे, रस्त्याला लागून आहे, भाडं नाही. अडचण एकच, वर टिन आहे. एप्रिल लागला की दुपारी बारानंतर आत उभं राहवत नाही, आणि नवतपात तर विचारूच नका. मग आपण दुकानात जातो आणि पहिलाच प्रश्न टाकतो, "भाऊ, दीड टनाचा केवढ्याला?"

हा प्रश्न आज आपण सगळ्यात शेवटी विचारणार आहोत. व्हिडिओत हिशोब भरभर झाला, इथे कागद-पेन घेऊन निवांत बसा.

आधी एक शब्द मोकळा करतो. परदेशी व्हिडिओत गॅरेजसाठी 'डक्टलेस एसी' असं सारखं ऐकू येतं. तिकडे पूर्ण घराला पत्र्याच्या नळांतून गार हवा फिरवतात, त्या नळांशिवाय चालणारा तो डक्टलेस. म्हणजे आपला भिंतीवरचा साधा स्प्लिट. वेगळं काही शोधत बसू नका.

आता खरा प्रश्न. तुमच्या कामाला गारवा लागतो की तुम्हाला लागतो?

शिवणकाम असेल, तर एप्रिल-मेमध्ये आपला कुलर उत्तम. त्या दिवसांत आपल्याकडची हवा कोरडी असते, पाणी झटकन उडतं आणि हवा गार होते. वीजही एसीच्या मानाने किरकोळ लागते. पण पाऊस सुरू झाला, बांध्यांत पाणी साचलं, की तोच कुलर नुसता दमट वारा फेकतो. म्हणून ज्या धंद्याला जुलै-ऑगस्टमध्येही कोरडी, गार हवा हवी, त्याने एसीचा विचार करावा. पार्लरमध्ये गिऱ्हाईक तासभर खुर्चीत बसतं, तिथे एसी कमाई करून देऊ शकतो. मोबाईल दुरुस्तीला कुलरचा ओलावा नको, तिथे लहान एसी चालेल, फक्त सोल्डरिंगचा धूर बाहेर काढायला एग्झॉस्ट पंखा ठेवा. गाड्यांची दुरुस्ती करणाऱ्याने मात्र हा विषयच सोडावा. शटर उघडं ठेवावंच लागतं, आणि बंद खोलीत इंजिन चालू ठेवणं जिवावर बेतणारं आहे. ढिंगरी मशरूमवाल्यांनीही थांबा: तिला दमट हवा लागते आणि एसी हवा कोरडी करतो. शिवाय तिचे बारीक बीजाणू एसीच्या जाळीत जाऊन बसतात.

हिशोबासाठी मी केकचा धंदा घेतो, कारण तिथे पैसे खरंच वितळतात. खोली ४० अंशांवर गेली की फेटलेली क्रीम उभी राहत नाही, फुलं खाली सरकतात, ऑर्डर वाया जाते. आणि लग्नसराई नेमकी तेव्हाच!

टन म्हणजे वजन नाही

एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू उष्णता बाहेर फेकण्याची ताकद, साधारण साडेतीन किलोवॉट. हे लक्षात ठेवलं की दुकानदार काहीही सांगो, तुम्ही स्वतः मोजू शकता. समजा खोली १० बाय १५ फुटांची आहे. पक्क्या स्लॅबखाली एवढ्या खोलीला दीड टन ठीक. टिनाखाली तो कमी पडू शकतो. त्यात तुमचा २,००० वॉटचा ओव्हन. त्याने खेचलेली जवळपास सगळी वीज शेवटी खोलीत उष्णता होऊन बसते. म्हणजे अर्ध्या टनाहून जास्त ताकद एकट्या ओव्हनशी भांडण्यात गेली! दुकानदार म्हणेल, दोन टनाचा घ्या. त्याचं काय जातं?

माझं मत वेगळं आहे. ओव्हन बाहेर पोर्चमध्ये किंवा घराच्या स्वयंपाकघरात न्या. खोलीच्या आतल्या कोपऱ्यात ८ बाय १० फुटांचं केबिन करा, त्याला खालचं छत द्या, दाराला झडप लावा. क्रीमचं काम फक्त तिथे. शटरच्या फटीतून येणारी गरम हवा केबिनच्या बाहेरच राहते. मग एक टनाचा एसी पुरतो. टिनाला वरून पांढरा उष्णतारोधक रंग द्या आणि टिन व खालच्या छतामधल्या पोकळीला दोन्हीकडून वारा जायला जागा ठेवा. उघडं थर्माकोल लावायचा मोह होईल, पण ते पेट घेतं, ओव्हन आणि वायरिंगच्या जवळ तर नकोच. काही जण टिनावर तणीस पसरतात. गारवा मिळतो, पण आगीची भीती आणि उंदीर, दोन्ही खाण्याच्या धंद्यात परवडत नाहीत.

अजून एक. स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, तीच हवा फिरवतो. म्हणून बंद केबिनमध्ये गॅसची शेगडी कधीही पेटवू नका.

आता पैसे

आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, तुमचे तुम्ही भरा. एक टनाचा एसी ३५,००० रुपये. स्टँड, जास्तीचा तांब्याचा पाइप, स्टॅबिलायझर, वेगळी वायरिंग, एमसीबी आणि फिटिंगचे १०,०००. केबिनचे १५,०००. झाले ६०,०००. मुद्रा योजनेचं शिशू कर्ज ५०,००० रुपयांपर्यंतच असतं, म्हणजे ते पूर्ण इथेच संपलं आणि मिक्सर, फ्रीज, कच्चा माल अजून बाकीच!

एसी वर्षातले सहा महिने चालेल, पाच वर्षं टिकेल असं धरा. ६०,००० भागिले ३० महिने, म्हणजे महिन्याला २,०००. वीज: रोज ६ तास, २५ दिवस, तासाला एक युनिट, म्हणजे १५० युनिट. सगळे आकार धरून १२ रुपये युनिट लावला तर १,८००. सर्व्हिसिंगचे २०० टाका. चालू महिन्याचा एसीचा खर्च ४,००० रुपये.

एका केकमागे निव्वळ १२५ रुपये सुटत असतील, तर ४,००० भरून काढायला महिन्याला ३२ केक लागतात. आणि हे आजच्या विक्रीतले नाहीत, एसीमुळे वाढलेले किंवा वाया जाण्यापासून वाचलेले ३२. सडक अर्जुनी, कोहमारा आणि हायवेवरच्या ऑर्डरी मिळून रोजचा एक जास्तीचा केक जाईल का? मागच्या मे महिन्याची वही काढा. उन्हामुळे परत पाठवलेल्या ऑर्डरी मोजा. आठ-दहाच निघाल्या, तर यंदा एसी नको. पहाटे पाचला क्रीमचं काम उरका, डीप फ्रीजर घ्या. तसंही मोटरसायकलवरून साकोलीला केक नेताना एसी मागे बसून येत नाही, तिथे बर्फाची पेटीच लागते.

विजेच्या बिलात एक गोम आहे. महावितरणच्या घरगुती दरात १०० आणि ३०० युनिटला टप्पे बदलतात. घराच्या एका भागात छोटा धंदा करणाऱ्याला ठरावीक वापरापर्यंत घरगुती दर मिळण्याची सोय दरपत्रकात असते, त्यात महिन्याला ३०० आणि वर्षाला ३,६०० युनिटची मर्यादा दिलेली आहे. घराचे १४० युनिट आणि एसीचे १५०, म्हणजे तुम्ही काठावर. चालू दरपत्रक घेऊन महावितरणच्या कार्यालयात आधी विचारा, मंजूर भारही वाढवावा लागेल का ते बघा.

दुकानात गेल्यावर

आता विचारा किंमत. पण आधी लेबल वाचा. लेबलवरचे वर्षाचे युनिट १,६०० तासांच्या वापरावर काढलेले असतात. समजा ६४० लिहिलंय, तर तासाला सरासरी ०.४. आपल्या टिनाखाली जास्तच लागेल, म्हणून मी वर एक युनिट धरलाय. पण दोन मॉडेलची तुलना करायला हा भागाकार फार कामाचा. तारे बघताना लेबलचा कालावधीही बघा, कारण निकष मधून मधून कडक होतात आणि जुना पाच तारा नव्या हिशोबात चार होतो.

एसीची छापील ताकद बाहेर ३५ अंश असताना मोजलेली असते. आपल्याकडे मे महिन्यात ४५ च्या आसपास जातं, ताकद तेव्हा घटते. म्हणून "जास्त तापमानात किती थंडावा देतो?" हे विचाराच. तीन तारे की पाच? दिवसाला सहा तास आणि सहाच महिने चालवणार असाल, तर किमतीतला फरक वीजबचतीतून किती वर्षांत निघतो ते मोजून ठरवा. इन्व्हर्टर मात्र घ्या. कंपनीच्या नावापेक्षा मेकॅनिक कुठून येतो हे मोठं. मे महिन्यात गोंदियाहून माणूस यायला आठवडा लागला, तर तेवढ्या दिवसांच्या ऑर्डरी गेल्या.

खोलीला बाहेरची भिंत असेल तर विंडो एसीही वाईट नाही. स्वस्त पडतो आणि साधा मेकॅनिकही उघडतो. चाकांचा पोर्टेबल एसी मात्र नको. एका नळीचा असेल तर तो खोलीतलीच हवा बाहेर ढकलतो, आणि तेवढीच गरम हवा शटरखालून आत येते.

फिटिंगच्या दिवशी दुसरं काम ठेवू नका, समोर उभे राहा. बाहेरचा युनिट पश्चिमेच्या उन्हात नको, आणि शटरच्या आत तर अजिबात नको. पाइप जोडल्यावर व्हॅक्युम पंप लावला का ते बघा, नुसता गॅस सोडून हवा काढली तर कॉम्प्रेसरला त्रास होतो. अर्थिंग तपासून घ्या. जीएसटी नोंदणी असेल तर बिलावर धंद्याचं नाव आणि नंबर टाकून घ्या. आणि पाण्याच्या नळीला उतार ठेवून ती आपल्याच मोरीत सोडा, शेजाऱ्याच्या भिंतीवर नाही.