बारा तासांचा कांदा

गच्चीवर भाजी पिकवणाऱ्या पुणेकरांच्या गप्पांत एक वाक्य हमखास येतं: “कांदा थंडीचं पीक. थंड देशातलं बी आणलं तर बघा कसा पोसतो!” मग लंडनच्या लेकीने आणलेलं ‘एल्सा क्रेग’चं पाकीट ऑक्टोबरात क्रेटमध्ये पेरलं जातं. रोपं जोमाने येतात, मार्चपर्यंत कौतुक चालतं. एप्रिलमध्ये शेजारच्या क्रेटमधल्या गावठी कांद्याच्या माना पडतात. पाहुणा मात्र जाड मान ताठ ठेवून उभाच. उपटला तर खाली कांदा धरलेलाच नसतो. दोष मातीला जातो, नाहीतर पुण्याच्या उन्हाला.

दोघांचाही काही संबंध नाही. पात वाढवणं थांबवून कांदा कधी धरायचा, हे रोप ठरवतं ते मुख्यतः दिवसाच्या लांबीवरून. उष्णता त्याला वेग देते, पण इशारा उजेडाच्या तासांचा. वनस्पती दिवसाची लांबी ओळखतात हे गार्नर आणि अ‍ॅलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी 1920 मध्ये दाखवून दिलं. एल्सा क्रेगसारख्या उत्तरेकडच्या जातींना 14 ते 16 तासांचा दिवस लागतो. पुणे साडेअठरा अक्षांशावर; इथे डिसेंबरात दिवस साधारण 11 तासांचा, आणि वर्षातला सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा. त्या कांद्याला हवा तो दिवस पुण्यात उगवतच नाही. आपल्या फुरसुंगी, एन-2-4-1 किंवा राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाच्या भीमा शक्ती, भीमा किरण या जाती 11-12 तासांवर भागवतात.

यावर लगेच कुणीतरी महाबळेश्वर काढतो. तिथे स्ट्रॉबेरी येते, मग विलायती कांदा का नाही? कारण महाबळेश्वर उंचावर आहे, उत्तरेला नाही. डोंगर चढल्याने हवा गार होते, दिवस लांबत नाही. श्रीनगर साधारण 34 अक्षांशावर. तिथे जूनमध्ये दिवस 14 तासांच्या वर जातो, म्हणून उत्तरेच्या पहाडी भागात ‘ब्राउन स्पॅनिश’सारखी लांब दिवसाची जात चालते.

आता उलटी चूक. ती मला जास्त मजेदार वाटते, कारण ती प्रेमापोटी होते. टोरांटोला गेलेल्या मुलाला आई आपल्याकडचं बी देते, “तिकडच्या कांद्याला चव नसते” म्हणून. तिथे मे महिन्यात बर्फाची भीती सरल्यावर तो रोपं लावतो. पण टोरांटोचा मेमधला दिवस साडेचौदा-पंधरा तासांचा. बारा तासांवर कांदा धरणाऱ्या रोपाला वाटतं, आपल्याला तर उशीरच झाला! चार पाती आल्या नाहीत तोच ते कांदा धरून मोकळं होतं. हाती येते गोल्टी, तीही बारीक. मुलगा म्हणतो, इथला हंगामच लहान, इथे कांदा यायचाच नाही. हे काही खरं नाही. टोरांटोहूनही उत्तरेला असलेला नेदरलँड्स हा 52 अक्षांशावरचा देश जगाला कांदा निर्यात करतो.

थंड मुलुखातली खरी अडचण वेगळी आहे. पातींचे बुडखे फुगूनच कांद्याचे पापुद्रे होतात. तेव्हा कांदा धरण्याआधी जेवढी पात, तेवढा कांदा. जून आला की दिवस हुकूम सोडणार, त्याआधी रोपाने अंगावर पात चढवलेली हवी. म्हणून तिकडचे लोक फेब्रुवारी-मार्चमध्येच घरात, दिव्याखाली उळं टाकतात आणि मेमध्ये तयार रोप जमिनीत लावतात, किंवा आदल्या वर्षी वाढवलेल्या गोट्यांएवढ्या कांद्यांपासून सुरुवात करतात. ह्यूस्टनच्या मराठी मंडळींची गोष्ट मात्र निराळी. 30 अक्षांशावर, शरदात लागवड करून, आपल्यासारखाच आखूड दिवसाचा कांदा वसंतात काढता येतो.

मग थंडीचं काय? ती कांद्याला काही सांगतच नाही का? सांगते, पण फुलाबद्दल. फेब्रुवारीत गुलटेकडीहून आणलेल्या लाल कांद्यात एखादा असा निघतो की सुरी मध्यावर अडते. उभा चिरला तर आत बोटाएवढा टणक, पोकळ दांडा, आणि भोवती पातळ पापुद्रे. हाच डेंगळा. रोप पेन्सिलीएवढं जाड झाल्यावर त्याला काही आठवडे 8 ते 13 अंशांचा गारवा मिळाला की त्याला वाटतं हिवाळा सरला, आता बी धरू. ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावलेला रांगडा कांदा नेमका जानेवारीच्या थंडीत या वयात येतो, म्हणून डेंगळे त्यातच जास्त. “लवकर लावला की मोठा होतो” हा समज इथे महागात पडतो. फार जून, जाड रोपं लावली तरी तेच. उन्हाळ कांद्याची पुनर्लागवड डिसेंबर ते जानेवारीच्या सुरुवातीला करतात ती यासाठीच.

न्यूझीलंडच्या संशोधकांनी 2013 मध्ये याचा जनुकीय उलगडा केला. कांद्यात एकाच कुटुंबातली जनुकं आहेत: एक थंडीनंतर फुलाची तयारी करतं, दुसरं लांब दिवसात कांदा धरायला लावतं, आणि तिसरं या दुसऱ्याला लगाम घालतं.

पात पायाने तुडवली की कांदा पोसतो, हे मात्र निव्वळ खूळ. पात हाच अन्नाचा कारखाना, ती मोडून कांदा कसा वाढेल? निम्म्या माना आपोआप पडल्या की काढणी करावी. खरिपात माना नीट पडत नाहीत, म्हणून काढणीच्या दोन-तीन दिवस आधी रिकामा ड्रम फिरवतात. तो मान वाळावी म्हणून, आकारासाठी नव्हे.

राहिला फ्रिज. “गारव्यात टिकतो” म्हणून भाजीच्या कप्प्यात कांदे कोंबणारी घरं कमी नाहीत. कांदा टिकतो दोन ठिकाणी: शून्य ते दोन अंशांच्या शीतगृहात, नाहीतर 25 ते 30 अंशांच्या कोरड्या, वारा खेळणाऱ्या चाळीत. या दोहोंच्या मधल्या गारव्यात तो झोपेतून जागा होतो, आणि वर कप्प्याचा दमटपणा. तिथून बाहेर काढलेल्या कांद्याला कोंब फुटायला वेळ लागत नाही. तो विषारी होतो ही भीती बटाट्यावरून उचललेली. कांद्याचा कोंब खुशाल खावा. कुंडीत खोचला तर पोह्यांवर घालायला पात मिळेल. त्याचा मोठा कांदा होईल या आशेवर मात्र राहू नये: त्याचं दुसरं वर्ष सुरू झालेलं असतं, आणि थंडी मिळाली तर वर बियांचा गोंडाच येणार.