पट्टी लुकलुकतेय? आधी तिची लय बघा!

गणपतीच्या मखरात, फॉल्स सीलिंगच्या खोबणीत, ओट्यावरच्या कपाटाखाली, आता तर देवघरातही एलईडीची पट्टी असतेच. ती लुकलुकायला लागली की घरात एकच वाक्य ऐकू येतं, "पट्टी गेली, नवी आणा." जरा थांबा! बहुतेक वेळा पट्टी ठणठणीत असते आणि बिघाड असतो अ‍ॅडॉप्टरमध्ये, जोडात नाहीतर भिंतीवरच्या बटणात. तो नेमका कुठे आहे, हेही पट्टी तुम्हाला सांगत असते. फक्त ती कशी लुकलुकतेय, हे मिनिटभर नीट बघायचं.

सगळ्यात आधी रिमोट!

रंगीत पट्टीच्या छोट्या रिमोटवर फ्लॅश, स्ट्रोब, फेड आणि स्मूद अशी चार बटणं असतात. त्यातलं एखादं चुकून दाबलं गेलं की पट्टी इमानेइतबारे लुकलुकत राहते. घरात लहान मूल असेल तर वायरमनला फोन करण्याआधी एकदा साधा पांढरा रंग लावून बघा.

ठेक्यात लागते, ठेक्यात विझते

सगळी पट्टी एकदम लागते, विझते, पुन्हा लागते आणि हे सगळं अगदी नियमित चालतं? मग अ‍ॅडॉप्टरला उचकी लागली आहे. पट्टी त्याच्या ताकदीपेक्षा जास्त वीज मागतेय. त्याच्या आतलं संरक्षक सर्किट पुरवठा तोडतं, क्षणभर थांबतं, पुन्हा प्रयत्न करतं आणि पुन्हा तोडतं.

हिशेब सोपा आहे. मीटरला 60 दिवे असलेली 5050 जातीची पट्टी मीटरमागे साधारण 14.4 वॅट घेते. पाच मीटरच्या रिळाला झाले 72 वॅट, म्हणजे 12 व्होल्टवर 6 अँपिअर. त्यासोबत 5 अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर आणला तर तो देणार 60 वॅट. मग उचकी लागणारच! पट्टीच्या गरजेपेक्षा निदान 20 टक्के जास्त ताकदीचा अ‍ॅडॉप्टर घ्यावा. या रिळाला 8 अँपिअरचा घेतला की काम झालं.

खात्री करायची एक झकास युक्ती आहे. रिमोटवरून फक्त लाल रंग लावा. पांढऱ्यासाठी लाल, हिरवा, निळा असे तिन्ही दिवे लागतात. एकट्या लालला साधारण एक तृतीयांश वीज पुरते. लालवर लुकलुक थांबली आणि पांढऱ्यावर सुरू झाली, तर अ‍ॅडॉप्टर कमी पडतोय असं खुशाल समजा.

आकड्यात लपलंय माप

पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लोहार चाळीत पट्टी मागितली की दुकानदार विचारतो, "5050 की 2835?" हे मॉडेल नंबर वाटतात, पण ती दिव्याची मापं आहेत. 5050 म्हणजे 5.0 बाय 5.0 मिलिमीटरचा दिवा आणि 2835 म्हणजे 2.8 बाय 3.5 मिलिमीटरचा.

शेवटचं टोक मंद का?

12 व्होल्टच्या पट्टीवर दर तीन दिव्यांनंतर कात्रीची खूण असते. यामागचं गणित फार सुंदर आहे. पांढरा दिवा साधारण 3 व्होल्ट घेतो. तीन दिवे एकामागे एक जोडले की झाले 9 व्होल्ट. उरलेले 3 व्होल्ट शेजारच्या इवल्याशा रेझिस्टरवर पडतात आणि दिव्यांमधून किती विद्युतप्रवाह जाईल ते तोच ठरवतो.

पट्टीच्या आतली तांब्याची पट्टी अतिशय पातळ असते, त्यामुळे लांब जाता जाता व्होल्टेज गळतं. समजा टोकाला 12 ऐवजी 11 व्होल्टच पोचले. गळाला एकच व्होल्ट, पण तो सगळा रेझिस्टरच्या वाट्यातून जातो. तिथे 3 ऐवजी 2 व्होल्ट उरतात आणि प्रवाह थेट एक तृतीयांशाने घटतो! रंगीत पट्टीत तर आणखी गंमत होते. लाल दिव्याला 2 व्होल्टच पुरतात, म्हणून लाल रांगेच्या रेझिस्टरवर मुळात 6 व्होल्ट असतात आणि एक व्होल्ट गेल्याने तिला फारसा फरक पडत नाही. निळा आणि हिरवा मात्र मंदावतात. सुरुवातीला पांढरी दिसणारी पट्टी टोकाला लालसर होते ती यामुळे.

उपाय? दोन्ही टोकांना वीज द्या. लांबी जास्त असेल तर सुरुवातीलाच 24 व्होल्टची पट्टी घ्या. तेवढ्याच वॅटला तिला निम्मा प्रवाह लागतो आणि गळतीही कमी होते.

मध्येच तीन दिवे मिचमिचतात

हे तीन दिवे एकाच साखळीतले असतात. त्यातल्या एकाचा टाका सुटला की तिघेही जातात. मीटरला 60 दिव्यांच्या पट्टीत हा तुकडा जेमतेम 5 सेंटिमीटरचा असतो. वीज बंद करून दोन्ही खुणांवर कापा, दोन टोकं सोल्डर करून जोडा. बाकी पट्टी अजून अनेक गणपती बघेल.

हात लावला की लुकलुक बदलत असेल तर दोष जोडाचा. सोल्डर न करता चिमटीत पकडणारे क्लिप कनेक्टर इथले नेहमीचे संशयित. मखराची पट्टी विसर्जनानंतर घडी घालून खोक्यात कोंबली तर घडीच्या जागी आतलं तांबं तडकतं. पट्टी नेहमी सैल गुंडाळून ठेवावी.

बटण बंद, तरी पट्टी मिणमिणते!

भुताटकी नाही. बटणात तो छोटा लाल इंडिकेटर असतो ना, त्यातून बटण बंद असतानाही किंचित वीज झिरपते. पिवळ्या बल्बला ती जाणवतही नव्हती. एलईडीला मिणमिणायला ती पुरते. कधी ती अ‍ॅडॉप्टरच्या कपॅसिटरमध्ये थेंबाथेंबाने साठते आणि दर काही सेकंदांनी एक झटका देते. बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलं असेल तरीही असं होतं. हे दुसरं कारण धोक्याचं आहे, कारण बटण बंद केल्यावरही तारेत फेज जिवंत राहते. ते वायरमनकडून लगेच बदलून घ्या.

डोळ्याला दिसत नाही, मोबाइलला दिसतं

मोबाइलचा कॅमेरा पट्टीवर धरला की पडद्यावर काळे पट्टे सरकतात, ते तुम्ही पाहिले असतील. बाजारात मीटरवर मिळणाऱ्या, थेट 230 व्होल्टवर चालणाऱ्या पट्टीच्या पिनमध्ये बहुतेकदा नुसता रेक्टिफायर असतो. आपली वीज 50 हर्ट्झची आणि दर आवर्तनात ती दोनदा शून्यावर येते, म्हणून ती पट्टी सेकंदाला 100 वेळा मंद होऊन पुन्हा उजळते. अमेरिकेत हाच आकडा 120. जुना बल्बही याच तालावर चालायचा, पण त्याची तापलेली तार मधल्या क्षणात थंड होत नसे. एलईडी क्षणार्धात विझतो.

घरमाशीचा डोळा सेकंदाला 200 पेक्षा जास्त वेळा होणारी लुकलुकही ओळखतो. तुमचा प्रकाश तिला सलग दिसत नाही! आपल्यालाही ही लुकलुक पूर्ण सुटत नाही. काही जणांचं डोकं दुखतं, डोळे थकतात. अभ्यासाच्या टेबलावर तरी अशी पट्टी लावू नये, असं माझं ठाम मत आहे. कॅमेरा नसेल तर पट्टीच्या उजेडात पेन भराभर हलवा. एका पेनाच्या जागी अनेक पेनं सुटी सुटी दिसली तर पट्टी लुकलुकतेय.

नाचणाऱ्या दिव्यांची शिस्त

ज्या पट्टीत प्रत्येक दिवा स्वतंत्र रंग घेतो, तिच्या दिव्यातच चिमुकली चिप बसवलेली असते. डब्ल्यूएस 2812 बी या लोकप्रिय जातीत पहिला दिवा आलेल्या संदेशातले 24 बिट स्वतःकडे ठेवतो आणि उरलेला संदेश पुढे धाडतो. म्हणून एक दिवा बिघडला की पुढचे सगळे गप्प होतात किंवा भलतेच रंग दाखवतात. पहिला बंद दिवा आणि त्याच्या अलीकडचा शेवटचा चालू दिवा, हे दोनच तपासा. पट्टीवरचा बाण कंट्रोलरपासून दूर जाणारा हवा आणि कंट्रोलर व अ‍ॅडॉप्टर यांची ग्राउंडची तार एकत्र जोडलेली हवी.

अ‍ॅडॉप्टरला हवा द्या

चालू केल्यावर थोडा वेळ लुकलुकून मग स्थिर होणारी पट्टी बहुधा अ‍ॅडॉप्टरचा म्हातारा कपॅसिटर दाखवते. अर्ध्या तासाने बिघडणारी पट्टी सांगते की अ‍ॅडॉप्टर तापतोय. ढोबळ नियम असा की 10 अंशांनी तापमान वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य निम्मं होतं. त्यामुळे पीओपीच्या मागे अ‍ॅडॉप्टर गाडून टाकू नका. तो स्वतः उघडूही नका. पिन काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये 325 व्होल्टच्या आसपास वीज काही काळ शिल्लक राहू शकते.

पुढच्या वेळी दुकानात नुसतं "पाच मीटर पट्टी द्या" म्हणू नका. मीटरला किती वॅट ते विचारा, अ‍ॅडॉप्टरवरचे अँपिअर स्वतः वाचा आणि मगच पैसे द्या.