चावडीच्या पाटीवरच्या आकड्यात तुमचा पणजोबा आहे का?

तुमच्या गावच्या चावडीच्या, देवळाच्या नाहीतर शाळेच्या भिंतीत एखादी जुनी संगमरवरी पाटी बसवलेली आहे का? असली तर एकदा पुसून नीट वाचा. 1914 ते 1919 च्या महायुद्धावर या गावचे इतके लोक गेले, त्यांपैकी इतके कामी आले, एवढाच मजकूर सहसा असतो. सातारा-रत्नागिरीकडच्या अनेक गावांत अशा पाट्या आहेत. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याचे 46 जवान त्या युद्धात पडले आणि गावाचे नावच अपशिंगे मिलिटरी झाले.

पाटीवर आकडा असतो, नाव नसते. ‘आमचे पणजोबा बसऱ्याच्या लढाईत गेले’ असे घरातली म्हातारी माणसे सांगतात, ते इराकमधले बसरा. 1916 च्या एप्रिलात कूत येथे शरण गेलेल्या फौजेत 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. ज्यांची कबर सापडली नाही अशा चाळीस हजारांवर लोकांचे स्मारक बसऱ्याला 1929 साली झाले. पण तिथेही साध्या हिंदी शिपायाचे नाव कोरले नाही. पलटणीखाली नुसती संख्या घातली.

मग नाव शोधायचे कसे? आधी घरातली पेटी उघडा. जुना बिल्ला असेल तर त्याची कड पाहा. शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण तिथे इंग्रजीत कोरलेली असते. पुष्कळांनी चांदीचे बिल्ले सोनाराकडे मोडले, त्यांनी नाउमेद होऊ नये. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या नोंदी इंटरनेटवर फुकट पाहता येतात. त्यात बऱ्याच शिपायांच्या बापाचे नाव, गाव व जिल्हाही आहे. स्पेलिंग मात्र कारकुनाने कानाला आले तसे केलेले. पवारचे पोवार आणि जाधवचे जादव करूनही शोधा. नुसते नाव जुळले म्हणून खूश होऊ नका; बाप आणि गाव जुळले पाहिजे. परत आलेले जवान या यादीत मिळणार नाहीत.

मृत्यूची तारीख मिळाली की तलाठ्याकडे किंवा तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये त्यानंतरचे जुने फेरफार पाहा. वारस नोंदीत नाते सापडू शकते. कागद मोडीत असेल तर जाणकाराकडून वाचून घ्या. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही विचारा. 1922 साली जुन्या मराठा पलटणी एकत्र करून जी रेजिमेंट झाली, तिचे केंद्र आज बेळगावला आहे.

सरपंच, ग्रामसेवक आणि तलाठी भाऊसाहेबांना एक विनंती. चावडी पाडून नवी बांधताना ती पाटी डबरात जाऊ देऊ नका, तिच्यावर चुना-ऑइलपेंट मारू नका. खात्री झालेली नावे ग्रामसभेत वाचून शेजारी दुसरी पाटी लावा. आणि तुमच्या घरात ऐंशी-नव्वदीची आजी असेल, तर हे काम सुगी संपल्यावर करू म्हणू नका. आज संध्याकाळीच तिच्याजवळ वही घेऊन बसा.