स्वाराची तयारी आणि पागेची शिस्त

घोडा हा शब्द निघाला की आपल्या लष्करातील मराठी घरांत आजही माणसे थोडी ताठ बसतात. ते साहजिकच आहे. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली स्थिरावला आणि त्या तळाचेच पुढे शहर झाले. ज्या वस्तीचे नावच छावणीवरून पडले, तेथील कुटुंबांना घोडा परका कसा वाटावा? कोणाचे पणजोबा शिलेदार, कोणाचे पागेवर कारकून, तर कोणाचे नालबंद. आमच्यासारख्या मुसलमान घरांतूनही सईस आणि मोतद्दार यांच्या आठवणी निघतात. संस्थानी फौजा विलीन झाल्यावर १९५३ मध्ये जी नवी घोडदळ पलटण उभी राहिली, ती ग्वाल्हेरलाच. आज ६१ वी कॅव्हलरी म्हणून ती सर्वश्रुत आहे.

पण अभिमान ही एक गोष्ट आणि माहिती ही दुसरी. अलीकडे संस्थेच्या सभासदांत मुलामुलींसाठी अश्वारोहणाचा वर्ग काढावा, असे वरचेवर बोलले जाते. २०२३ मध्ये हांगचौ येथील आशियाई स्पर्धांत भारताच्या संघाने ड्रेसाज या प्रकारात सुवर्णपदक मिळवले. त्या चौघांत इंदूरची सुदीप्ती हजेला होती. तेव्हापासून तर मुलांचा उत्साह फारच वाढला आहे. उत्साह चांगलाच. मात्र घोडा आणण्यापूर्वी दोन प्रश्नांची उत्तरे आपल्यापाशी असावीत : स्वाराने आपले शरीर कसे तयार करावे, आणि पागा कशी चालवावी? आमच्या मते दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. घोडा मुका आहे. स्वाराच्या अशक्तपणाची किंमत त्याची पाठ आणि तोंड देते, मालकाच्या अव्यवस्थेची किंमत त्याचे पोट देते.

स्वाराचे शरीर

‘घोड्यावर बसायचे, त्यात व्यायाम कसला? धावतो तो घोडा!’ असे पुष्कळांना वाटते. दुडकी चालीचे उदाहरण घेऊ. दुडकीत घोड्याचे पाय तिरप्या जोड्यांनी पडतात, पुढचा उजवा आणि मागचा डावा एकदम, मग उरलेले दोन. प्रत्येक पडण्याबरोबर पाठ उसळते. शिकलेला स्वार या तालावर रिकिबीत हलके उठतो आणि हलकेच बसतो. ज्याच्या मांड्यांत आणि कमरेत बळ नाही, तो थोड्याच वेळात थकतो आणि पोत्यासारखा पाठीवर आदळू लागतो. तोल जाऊ लागला की हात आपोआप लगाम ओढतात. लगामाची कडी घोड्याच्या तोंडात पुढचे दात आणि दाढा यांच्यामधील उघड्या हिरडीवर टेकलेली असते. तेथे बसणारा प्रत्येक हिसका म्हणजे वेदना. असा घोडा पुढे डोके झटकू लागतो, अडेल होतो, आणि आपण त्याला ‘खोडकर’ म्हणून मोकळे होतो.

म्हणून खोगिरावर बसण्यापूर्वी सहा ते आठ आठवडे जमिनीवर तयारी करावी. तिला उपकरणे लागत नाहीत.

पहिला दम. रोज अर्धा तास भरभर चालावे. दोन आठवड्यांनी त्यात दोरीवरच्या उड्या किंवा चढाची वाट घालावी. दम तुटला की लक्ष तुटते, आणि घोड्यावर लक्ष तुटणे धोक्याचे.

दुसऱ्या मांड्या आणि घोटे. मांड्यांसाठी आपल्या जुन्या बैठकांसारखे दुसरे काही नाही. प्रारंभ वीसांपासून करावा. घोट्यांसाठी पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा सावकाश खाली सोडाव्यात आणि वर घ्याव्यात. रिकिबीत चवडा असतो व टाच किंचित खाली असते. हिसके झेलणारी कमान म्हणजे हा घोटा. तो ताठ असेल तर प्रत्येक धक्का गुडघ्यात आणि पाठीत जातो.

तिसरी कंबर. सूर्यनमस्कार घालावेत. शिवाय कोपरे आणि चवडे यांवर देह फळीसारखा सरळ धरून अर्धा मिनिट राहावे, पुढे तो वेळ हळूहळू वाढवावा.

चौथा तोल. एका पायावर उभे राहून प्रथम डोळे उघडे आणि मग मिटून वीस आकडे मोजावेत. किती जणांना पहिल्या दिवशी जमते, ते घरीच पाहावे!

येथे मल्लखांबाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी या विद्येला नवे जीवन दिले, आणि २०१३ मध्ये मध्य प्रदेशाने तिला राज्यखेळाचा मान दिला. मांडीची पकड, कमरेची लवचीकता आणि उंचीची भीड मोडणे हे तिन्ही गुण स्वाराला हवेतच. एक सूचना मात्र लक्षात ठेवावी. पक्की मांड म्हणजे आवळलेली मांड नव्हे. मांड्या चिमट्यासारख्या आवळल्या की स्वार खोगिरातून वर ढकलला जातो, आणि घोडाही बिचकतो. बळ अंगी असावे ते सैल बसता यावे म्हणून.

वजनाचाही विचार हवा. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या सुमारे २० टक्क्यांच्या आत असावे, असा सर्वसाधारण नियम आहे. घोडा ४०० किलोचा असेल तर दोन्ही मिळून ८० किलो. म्हणजे मुलांना अडचण नाही, पण वरातीच्या दिवशी शेरवानीसह ९० किलोंचे नवरदेव लहानशा घोडीवर बसतात तेव्हा तिचे काय होत असेल, याचा विचार करावा. ज्यांना पाठीचे वा हृदयाचे दुखणे आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. शिरस्त्राण सर्वांनीच घालावे, आणि बुटाला लहानशी टाच असावी, म्हणजे पाय रिकिबीतून आरपार जाऊन अडकत नाही.

घोड्याचे पोट

आता पागेकडे वळू. ‘पागा’ हा शब्द फारसी ‘पायगाह’वरून आला. लगाम, जीन, तंग, नाल, रिकीब ही मंडळीही फारसी-अरबीतून येऊन मराठीत अशी मिसळली की परकी वाटतच नाहीत. उलट घोड्यांच्या वैद्याला हिंदुस्थानभर मुसलमान घोडेस्वारही ‘सालोत्री’ म्हणत, तो शब्द शालिहोत्र ऋषींच्या नावावरून आला. घोड्याने आपल्या लोकांच्या भाषा अशा एका ठाणावर बांधल्या आहेत.

पागेचे सारे वेळापत्रक घोड्याच्या पोटावरून ठरते. घोड्याचे शरीर मोठे, पण जठर लहान, जेमतेम ८ ते १५ लिटरचे. मोकळ्या रानात तो दिवसरात्रीचे बहुतेक तास थोडेथोडे चरतच असतो. गवत पचते ते पुढे मोठ्या आतड्यात, तेथील सूक्ष्म जंतूंच्या साहाय्याने. एकदम पुष्कळ चंदी घातली तर तिच्यातील पिष्ट न पचता तेथे उतरते, आंबते, आणि पोटशूळ किंवा खुरांची दाहक व्याधी उद्भवते. त्यात घोड्याला उलटी होऊ शकत नाही. पोटात गेले ते परत येत नाही.

यावरून नियम सहज निघतात. आधी वैरण, मग चंदी. वाळला चारा रोज वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे ४०० किलोच्या घोड्याला ६ ते ८ किलो. जव, जई, भिजवलेला हरभरा, कोंडा यांची चंदी कामाच्या मानाने, आणि तीही दोन-तीन वेळांत वाटून. चारा बदलायचा तर आठ-दहा दिवसांत हळूहळू बदलावा. बुरशी आलेला कडबा स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. पाणी रोज २५ ते ४५ लिटर, आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याहूनही अधिक. मिठाचा खडा ठाणापाशी ठेवावा.

घोडा पुढच्या पायाने जमीन उकरू लागला, वळून कुशीकडे पाहू लागला, लोळू लागला, घामाघूम झाला, लीद बंद झाली, की पोटशूळ समजावा आणि तत्काळ पशुवैद्य बोलवावा. बांबूच्या नळीने घशात तेल ओतण्याची जुनी चाल आपल्याकडे अजून आढळते. ते तेल फुप्फुसात गेले तर शुळाने न मरणारा घोडा उपचाराने मरतो.

पागेची दिनचर्या

ठाण साधारण १२ फूट लांब-रुंद, कोरडे आणि हवेशीर असावे. पहाटे पाणी आणि वैरण, लीद काढणे, खरारा, खूर साफ करणे. ग्वाल्हेरच्या वैशाखात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा रपेट सूर्य वर येण्यापूर्वीच आटोपावी. रपेटीनंतर घोड्याला पावलाच्या चालीने फिरवून थंड करावे, अंगावर पाणी घालावे, आणि श्वास संथ झाल्यावर तासाभराने चंदी द्यावी. दुपारी सावलीत वैरण आणि विश्रांती, सायंकाळी मोकळे फिरणे. दिवसभर ठाणावर बांधलेला घोडा अंगाने जखडतो आणि स्वभावाने बिघडतो.

नालबंद सहा ते आठ आठवड्यांनी यावाच. दात वर्षातून एकदा तपासावेत. धनुर्वाताची लस चुकवू नये, कारण घोड्याला हा रोग फार लवकर जडतो. चावऱ्या माशांमुळे सर्रा हा ताप पसरतो, म्हणून उकिरडा पागेपासून दूर असावा. नवा घोडा आणला तर त्याला तीन आठवडे वेगळे बांधावे आणि ग्लँडर्सची रक्ततपासणी करून घ्यावी. या रोगावर लस नाही, तो माणसालाही होतो, आणि रोगी जनावर कायद्याने नष्ट करावे लागते. एका घोड्याच्या घाईने सारी पागा जाऊ शकते.

या साऱ्याची वही ठेवावी. तिच्यात रोज प्रत्येक घोड्याचे खाणे, पाणी, लीद, काम आणि काही निराळे दिसल्यास ते लिहावे. स्वस्थ घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६, आणि ताप ९९ ते १०१.५ अंश फॅरनहाइट असतो. हे आकडे पागेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावावेत. घोडा बोलत नाही, वही मात्र बोलते.

ही शिस्त काही नवी नाही. शिवाजीमहाराजांच्या पागेत २५ घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असे, हे सभासदाने नमूद केले आहे. १६७० नंतरच्या दशकात महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीस पाठवलेले पत्र तर प्रत्येक पागेदाराने वाचण्यासारखे आहे. पावसाळ्याचा दाणा-वैरण आताच उधळलात तर पुढे घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल, रयतेच्या काडीलाही हात लावू नका, रात्री दिवा जळता ठेवला तर उंदीर वात नेईल आणि गवताच्या गंजी पेटतील, असा त्याचा आशय आहे. राज्य चालवणारा पुरुष उंदराच्या तोंडच्या वातीचाही विचार करतो, याला व्यवस्था म्हणतात.

दान कशाचे?

२०१९ च्या पशुगणनेत साऱ्या देशात घोडे व तट्टे मिळून सुमारे ३ लाख ४० हजारच उरले आहेत, असे आढळले. २०१२ च्या मानाने ही घट सुमारे ४५ टक्के आहे. घोडा कमी झाला त्याबरोबर मोतद्दार आणि नालबंदही कमी झाले. ज्यांच्या हातात ही विद्या आहे ते वृद्ध होत आहेत, आणि त्यांची मुले दुसऱ्या धंद्यांत गेली आहेत. वर्ग काढायचाच तर या मंडळींना प्रथम बोलवावे, योग्य वेतन द्यावे, आणि मुलांनी त्यांना गुरुजी म्हणावे. दोन-तीन घोड्यांमागे एक जाणता माणूस हवाच.

उदार सभासदांस आमची एक विनंती आहे. वडिलांच्या स्मरणार्थ घोडा देऊ नका, एका घोड्याची वर्षाची वैरण द्या, किंवा मोतद्दाराचे वर्षाचे वेतन द्या. घोडा एकदाच विकत घेतला जातो, खातो मात्र रोज, परीक्षेच्या दिवसांत आणि दिवाळीच्या सुटीतही. वर्षाची तरतूद हाती नसताना घोडा आणणे हे दान नव्हे, त्या मुक्या जिवावरचा अन्याय आहे. तोवर मुलांनी भोपाळच्या शासकीय अश्वारोहण अकादमीला भेट द्यावी, एन. सी. सी. च्या घोडदळ शाखेची चौकशी करावी, आणि घरी बैठका व सूर्यनमस्कार उद्यापासूनच सुरू करावेत. त्याला वर्गणी लागत नाही.

संस्थेने आजवर शिष्यवृत्त्या आणि औषधोपचार यांचा व्यवहार पैन्‌ पैचा हिशेब ठेवून चालवला. तीच सवय पागेत आली तर आपल्या मुलामुलींना उत्तम शिक्षण मिळेल, आणि घोड्यांनाही चांगले घर मिळेल, असा आम्हांस भरवसा वाटतो.