पुस्तकांची वेबसाइट: समज आणि वस्तुस्थिती

पुण्यात नारायण पेठेतून अप्पा बळवंत चौकाकडे निघालं की प्रकाशक, छापखाने आणि पुस्तकविक्रेते यांची सोबत सुटत नाही. यातल्या कुणी ऑनलाइन विक्रीचा विषय काढला की पहिली चर्चा वेबसाइट दिसेल कशी याचीच. तयार साचा घ्या, मुखपृष्ठांचे फोटो चढवा, आठवड्यात दुकान सुरू, असा समज आहे. साचा आठवड्यात उभा राहतोही. खरं काम त्यानंतर, आणि त्यातलं निम्मं मराठीचं.

अनेकांच्या जुन्या याद्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये आहेत. तिथे मराठी फक्त फॉन्टमुळे दिसते. फॉन्ट काढला की उरतात निरर्थक चिन्हं. यादी युनिकोडमध्ये आणावी लागते, आणि रफार, जोडाक्षरं हमखास बिघडतात म्हणून मुद्रितशोधकाच्या नजरेखालून घालावी लागते.

‘युनिकोड केलं की मराठी आपोआप सापडते’ हा पुढचा गैरसमज. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये आलं २००८ साली. त्याआधी ‘अ’वर चंद्र देऊन ते लिहीत, आजही अनेक जण तसंच लिहितात. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, संगणकाच्या लेखी ती वेगळी. ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्या’सुद्धा दोन तऱ्हांनी साठवला जातो. त्यात ऱ्हस्व-दीर्घाची चूक आणि इंग्रजी अक्षरांत टाइप केलेलं मराठी नाव यांची भर. मग पुस्तक गोदामात असून वेबसाइट म्हणते, ‘सापडलं नाही’. ग्राहक तक्रार करत नाही, निघून जातो. म्हणून हा दोष मला सगळ्यात घातक वाटतो. साठवताना आणि शोधताना मजकूर एकाच रूपात आणणं, जवळची स्पेलिंगं चालवून घेणं, हे करून घ्यावं लागतं. ते साच्यात आयतं मिळेलच असं नाही.

पैशांबाबतचा समज असा, की खात्यातून रक्कम गेली म्हणजे ऑर्डर नोंदली गेली. प्रत्यक्षात यूपीआयने पैसे भरून ग्राहक वेबसाइटवर परतण्याआधीच नेटवर्क जाऊ शकतं. म्हणून पैशांचा व्यवहार पार पाडणाऱ्या पेमेंट गेटवेच्या सर्व्हरकडून दुकानाच्या सर्व्हरला थेट निरोप यायला हवा, आणि ऑर्डर त्या निरोपावर पक्की व्हायला हवी. निरोप दोनदा आला तरी ऑर्डर एकच राहिली पाहिजे. शेवटची प्रत काउंटरवर आणि वेबसाइटवर एकाच वेळी विकली जाऊ नये, यासाठी दोन्हींचा स्टॉक एकच ठेवून पेमेंट चालू असेपर्यंत प्रत राखून ठेवतात.

कार्डाचा नंबर दुकानदाराकडे राहतो ही भीती मात्र जुनी झाली. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२२पासून विक्रेत्याला तो साठवता येत नाही. त्याऐवजी टोकन, म्हणजे बदली सांकेतिक क्रमांक, वापरतात. काही ब्राउझरमध्ये वेबसाइटच्या पत्त्याशेजारी दिसणारं कुलूप मात्र ग्राहक आणि वेबसाइट यांच्यामधली वाट सुरक्षित असल्याचं सांगतं, दुकानदार प्रामाणिक असल्याचं नाही.

पुस्तक घरपोच पाठवण्यासाठी पत्त्याचा रकानाही पेठेला साजेसा हवा. ४११०३० हा पिन नारायण पेठेचा आणि सदाशिव पेठेचाही. घर सापडतं ते ‘पत्र्या मारुतीजवळ’ या खुणेने, तेव्हा खुणेला वेगळी जागा द्यावी.

छोट्या दुकानाला कायदा लागत नाही, हेही खरं नाही. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क वेबसाइटवर द्यावा लागतो. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात. संमतीच्या चौकटीत आधीच खूण करून ठेवायलाही मनाई आहे.