चिठ्ठीवर वेळच नाही

‘ताप, झटके. पुढील उपचारासाठी पाठवीत आहे.’ खाली सही, शिक्का. तालुक्याहून जिल्ह्याच्या दवाखान्यात हलवलेल्या मुलासोबत अशी दीड ओळीची चिठ्ठी येते, तेव्हा तिच्यात चुकीचं काही नसतं. फक्त तिच्यातलं बरंचसं पुढच्या डॉक्टरला मुलाला बघूनही कळलं असतं. ताप हाताला लागतो. झटका किती वाजता आला, किती मिनिटं टिकला, तो थांबवायला कोणतं इंजेक्शन किती दिलं, हे हाताला लागत नाही.

घोडं अडतं ते इथेच. समजा, दीड वर्षाचं मूल गुंगीत आलंय. ही गुंगी मेंदूला सूज आल्याची, की झटका थांबवायला तासाभरापूर्वी दिलेल्या मिडॅझोलमची? औषध, मात्रा आणि वेळ लिहिलेली असेल तर निदान अंदाज बांधता येतो. नसेल, आणि पुन्हा झटका आला, तर तेच औषध पुन्हा दिलं जातं आणि मुलाचा श्वास मंदावू शकतो. अँटिबायोटिकचंही तसंच. मेंदूज्वराचा संशय आला की पाठीतलं पाणी काढून तपासतात. आधीच अँटिबायोटिक दिलेलं असेल, तर काही तासांतच त्या पाण्यात जंतू वाढेनासे होतात आणि कल्चरचा कोरा रिपोर्ट फसवा ठरतो. शिवाय मुलांचं औषध वजनावर ठरतं. ‘वय 4 वर्षे’ एवढ्यावरून वजन धरायचं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे.

सगळ्यांत बिकट अवस्था नवजात बाळाची. सिझेरियन झालेली आई तिथेच खाटेवर, बाळ काचेच्या पेटीसाठी दुसऱ्या गावी, आणि सोबत आजी. ‘बाळ लगेच रडलं होतं का?’ आजी म्हणते, ‘मी भायेरच होते वो डॉक्टर. चिठ्ठीत असंल की लिवलेलं.’ नसतं. पाणी किती तास आधी गेलं होतं, आईला ताप होता का, तिचा रक्तगट कोणता, बाळाला व्हिटॅमिन के दिलं का, हे सगळं आईच्या केसपेपरवर असतं, आणि तो केसपेपर आईच्याच उशाशी राहिलेला असतो. एरवी जन्माचं वजन आणि लसी माता-बाल संरक्षण कार्डावर सापडतात. पण रात्री धावपळीत निघालेल्या घरात ते पत्र्याच्या पेटीतच राहून जातं.

नोंद काय करू शकते, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवलंय. कोकणात विंचू चावून मुलं दगावत, तेव्हा त्यांनी रुग्णाजवळ बसून घाम, उलट्या, नाडी, रक्तदाब टिपला. ती निरीक्षणं 1982 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापली गेली, 1986 मध्ये त्याच नियतकालिकात विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाच्या उपयोगाबद्दल त्यांनी लिहिलं. आज ही गोळी ठरावीक तासांनी पुन्हा देतात. मग दंश कधी झाला आणि पहिली गोळी कधी दिली, हे चिठ्ठीवर नसेल तर पुढची कधी द्यायची?

डॉक्टर आळशी असतात म्हणून असं होतं, असं म्हणणं सोपं आहे. पण दारात 108 रुग्णवाहिका उभी, बाहेर ओपीडीची रांग आणि आत एकटाच वैद्यकीय अधिकारी. त्यात ‘मी अमुक मात्रा दिली’ असं लिहिलं की उद्या तेच अंगाशी येईल, ही भीतीही असते, आणि ती अगदीच खोटी नाही. छापील नमुने मदत करतात. पण ‘पूर्वेतिहास’ या रकान्यापुढे बोटभर जागा सोडणाऱ्याने आजारी मूल कधी पाठवलं नसावं.

मला खटकतं ते वेगळंच. मूल बरं होऊन घरी जातं, डिस्चार्ज कार्ड पालकांच्या पिशवीत जातं, आणि ज्याने पाठवलं त्या डॉक्टरला निदान काय निघालं हे बहुधा कळतच नाही. आपल्या चिठ्ठीत काय राहिलं होतं, हे तर कोणी सांगतच नाही. ‘साहेब, पोराला मेंदूज्वर निघाला, तुम्ही सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन कधी दिलं ते लिहिलं नव्हतं’ असा मोठ्या दवाखान्यातून आलेला एक फोन दहा परिपत्रकांपेक्षा जास्त काम करील.