'अप' म्हणजे वर नव्हे

भिलाईहून रायपूरला रोज नोकरीसाठी जाणारा मनुष्य "मी अप-डाऊन करतो" असे सांगतो. हा प्रयोग येथील हिंदीभाषकांच्या तोंडी आहे, तसाच मराठी कुटुंबांच्या व विदर्भातील नोकरदारांच्याही तोंडी आहे. हे शब्द रेल्वेने दिले. त्यांपैकी 'अप'चा अर्थ विचारला तर 'वर' असे उत्तर येते. कोशाच्या दृष्टीने ते बरोबर आहे. रेल्वेच्या दृष्टीने मात्र फसवे आहे.

इंग्रजीत 'अप' हा शब्द उंची दाखवितो, तसाच मानही दाखवितो. इंग्लंडात मनुष्य कोठूनही लंडनला निघो, तो 'अप' जातो. तेथील रेल्वेनेही राजधानीकडे जाणाऱ्या मार्गास हेच नाव दिले. आपल्याकडे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली प्रवासी गाडी गेली. मुंबईच्या मार्गांवर मुख्य स्थानकाकडे येणारी गाडी अप आणि तेथून निघणारी डाऊन, असा संकेत रूढ झाला. त्यामुळे कसाऱ्याहून इगतपुरीकडे जाणारी गाडी सदतीस फुटांस एक फूट अशी थळघाटाची चढण चढत असली, तरी ती डाऊनच असते!

हावड्यास याच्या उलट प्रकार दिसतो. तेथून दिल्लीकडे निघणारी कालका मेल पूर्वी '१ अप' आणि परतणारी '२ डाऊन' म्हणून ओळखली जाई. बंगालमधील इंग्रज देशाच्या अंतर्भागास 'अप कंट्री' म्हणत. त्या दृष्टीने समुद्रापासून आत जाणे हेच वर जाणे होय. म्हणजे एका महानगराकडे येणे अप, तर दुसऱ्यापासून दूर जाणे अप. भिलाई तर मुंबई-नागपूर-हावडा या मार्गावरच, दोहोंच्या मध्ये वसलेली आहे.

मराठीत आपण 'घाटावर जातो' आणि 'कोकणात उतरतो'. तेथे शब्द जमिनीच्या चढउतारास धरून आहे. रेल्वेचा शब्द ठरविलेल्या संकेतास धरून आहे. हा भेद केवळ कोशकारांपुरता नाही. दुहेरी मार्गावर सामान्यतः एका रुळावरून एकाच दिशेची वाहतूक चालते. रुळांवर काम करणाऱ्या मजुराला 'अप लाइनवर गाडी येत आहे' असा इशारा मिळाला, की कोणता रूळ सोडावयाचा आणि कोणत्या बाजूस पाहावयाचे, हे त्याला तत्क्षणी कळले पाहिजे. त्याचे प्राण त्यावर अवलंबून असतात. त्या ठिकाणी 'वरचा मार्ग' असे भाषांतर केले तर त्याची नजर पुलाकडे जाईल. म्हणून परिभाषा घडविताना असा रुळलेला शब्द तसाच ठेवणे हेच शहाणपणाचे.

लोकांनी मात्र स्वतःपुरता या शब्दांतील उच्चनीच भाव केव्हाच काढून टाकला आहे. सकाळी जाणे आणि संध्याकाळी घरी परतणे, एवढाच 'अप-डाऊन'चा अर्थ त्यांनी ठेवला. यांतील अप कोणते आणि डाऊन कोणते, हे कोणी विचारीत नाही.